इतर

अबू शगाऱ्यात, लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावर तीन दारं.
एकावर तायक्वांदो, एकावर जूदो,
तिसऱ्याला पाटीच नाही, नुसता चपलांचा ढीग.

अडतीस पूर्ण होऊन आठवडा झाला होता.
डॉक्टरीण म्हणाली होती, चालत जा रोज.
जूनमध्ये? शारजात?

मारिवेल म्हणाली, तायक्वांदो घे,
मारायचं ते पायांनी,
बोटं टायपिंगला शाबूत राहतील.
हिशेब बरोबर होता तिचा.
दिवसाला साठ अर्ज टाइप करते मी,
दुसऱ्यांची नावं, दुसऱ्यांच्या बायकांचे व्हिसे,
जन्मतारखा, ज्या चुकल्या तर विमानतळावर रडतात माणसं.

लिसीला वाटत होतं कलरी.
तिच्या काकाचे गुडघे म्हणे सत्तरीतही लोण्यासारखे.
पण गुरुक्कल अजमानला, आणि टॅक्सी कोण देणार?
नदीशा पांघरुणातूनच बोलली,
काही शिकू नकोस, भराभर चालत जा आणि मागे बघू नकोस.

मी तिन्ही दारांत उभी राहिले.

तायक्वांदोत पोरी बारा-बारा वर्षांच्या,
टाच कानाच्या वर.
मला वरच्या पलंगाची शिडी चढताना
गुडघ्यावर हात ठेवावा लागतो.

जूदोत एकमेकींची कॉलर धरायची.
किती जवळ, आणि भांडण नाही काही.
फार बरं वाटलं बघताना.
मग वाटलं, मी धरली तर
सोडवणार नाही माझ्याच्यानं.
तिथून निघाले.

तिसऱ्या दारात सात बायका, पांढरे कपडे, कराटे.
हात पुढे, हात मागे, कवायतीसारखं, कंटाळवाणंच जरा,
आणि एकदम
साती जणी पोटातून ओरडल्या.

मी भिंतीकडं पाहिलं.
भिंत पलीकडून कुणी ठोठावली नाही.
खाली इस्त्रीची वाफ फुसफुसत राहिली, जशीच्या तशी.

अकरा वर्षं चौघींची खोली.
कुणीतरी नेहमी झोपलेलं असतं आमच्यात.
आईशी बोलायचं ते न्हाणीत, नळ सोडून.
बाप गेला त्या रात्रीही मी नळच सोडला.
पाण्याचं बिल जास्त आलं त्या महिन्यात.
चौघींनी वाटून भरलं,
कुणी काही विचारलं नाही.

हनान शिकवते. इजिप्तची,
नाक कधीतरी मोडून वाकडंच बसलेलं.
तिनं अर्ज पुढे केला. का शिकायचंय?
स्वसंरक्षण. वजन. स्पर्धा. इतर.
लोकांना रकान्यांत बसवणं माझा धंदा,
न बसणारी आडनावंसुद्धा मी बसवते.
पेन बराच वेळ हातात राहिलं.
'इतर'वर खूण केली
आणि पुढच्या टिंबांवर काहीच लिहिलं नाही.

पहिल्या दिवशी जे निघालं ते खोकल्यासारखं.
हनान म्हणाली, गळ्यातून नको,
आणि बेंबीखाली दोन बोटं टेकवली. इथून.

तिथं काय असणार, सकाळचा खुबूस आणि चहा.
पण तिथं खाडी निघाली.
तिन्हीसांज, तर पलीकडच्या काठाला लागलेली,
आणि अलीकडं मी एकटी, दप्तर डोक्यावर.
दाऊदमामू होऽऽऽ
पाण्यावरून सरळ जायचा आवाज,
पलीकडच्या माडांना लागून परत यायचा
आणि मग वल्ह्याचा पहिला चुबुक.
आठ वर्षांची होते. कुणाला न विचारता
एवढ्या मोठ्यानं हाक मारत होते मी.

ओरडले.

मूठ चुकली होती, अंगठा आत राहिला होता.
हनाननं माझी मूठ उघडली,
अंगठा बाहेर काढला, मूठ पुन्हा मिटली.
आवाजाबद्दल काही बोलली नाही.

खाली इस्त्री मात्र थांबली होती.
थोडा वेळच.
मग फुस्स.